पहिल्या मध्ययुगीन इव्हेंटसाठी पर्सोना बनवलाय, माझा नाइट कितपत चालेल?

चष्मेवाला_नाइट

मंडळी, या विषयातलं इथे कोणी आहे की नाही माहीत नाही, तरी विचारून बघतो. दोन महिन्यांनी एका मध्ययुगीन रिइनॅक्टमेंटच्या (म्हणजे जुना काळ वेश घालून पुन्हा उभा करायचा) इव्हेंटला जायचंय, आयुष्यात पहिल्यांदा. ग्रुप एससीएचा आहे, म्हणजे सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनाक्रॉनिझम, १९६६ साली बर्कलीत कुणाच्या तरी परसातल्या पार्टीतून सुरू झालेली तीच. कपड्यांबाबत त्यांची अट एवढीच दिसतेय की सतराव्या शतकाआधीचं काहीतरी घालायचा निदान प्रयत्न तरी केलेला असावा, आणि पुढेमागे स्वतःचा एक पर्सोना ठरवा, म्हणजे त्या काळात तुम्ही कोण असता ते.

तर मी दोन रात्री जागून पर्सोना लिहून काढलाय, साडेतीन पानं झालीत. थोडक्यात सांगतो. नाव सर अलारिक ब्लॅकरेव्हन. आई व्हायकिंग, वडील टेम्पलर नाइट, दोघंही एकाच लढाईत गेले, मग पोरगं जंगलातल्या एका आंधळ्या लोहारानं वाढवलं आणि त्यानंच तलवार शिकवली (आंधळ्यानं कशी शिकवली ते अजून ठरत नाहीये). पोशाख काळा, चामड्याचा, पाठीवर दोन तलवारी, शिंगांचं हेल्मेट घेऊ की नको यावर अडलोय. पट्टा पांढरा घ्यायचा विचार आहे, काळ्यावर उठून दिसेल.

कितपत चालेल हे? आधी चिलखत घेऊ की तलवार? आणि मला चष्मा आहे, चांगला जाड, त्याचं काय करायचं? हसलात तरी चालेल पण उत्तर द्या.

कळीदार

हसले. आता उत्तर देते.

आधी घाईचं सांगते, पांढरा पट्टा नको. एससीएत पांढरा पट्टा, साधी सोनेरी साखळी आणि टाचेचे स्पर्स (घोड्याला टोचायचे काटे) ही तिथे नाइट झालेल्यांची खूण आहे, बाकीचे घालत नाहीत. 'सर'चं पण तेच, तो मान वर्षानुवर्षं लढून आणि लोकांशी नीट वागून मिळतो, घरून लावून येता येत नाही. मी पहिल्या दिवशी हाताला लागला म्हणून पांढराच पट्टा बांधून गेले होते, दुपारपर्यंत चार अनोळखी लोकांनी इतक्या गोड आवाजात येऊन सांगितलं की कुठे तोंड लपवू असं झालं.

आता अलारिक. टेम्पलर म्हणजे धर्मयुद्धांतले लढवय्ये साधू, त्यांचा संघ निघाला ११२० च्या आसपास, आणि व्हायकिंग काळ १०६६ च्या सुमाराला संपला असं धरतात, म्हणजे आईबाबांची गाठ पडायलाच पन्नासेक वर्षांची अडचण आहे. वर टेम्पलरांना ब्रह्मचर्याची शपथ असायची, तेव्हा हे पोरगं आलं कुठून असं तिथला कोणीतरी पांढऱ्या दाढीवाला हमखास विचारणार. शिंगांचं हेल्मेट घालून व्हायकिंग लढल्याचा काहीच पुरावा नाही, ते एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेराच्या वेशभूषेनं आपल्या डोक्यात बसवलंय.

पण माझी खरी तक्रार तारखांची नाहीच. तुझ्या साडेतीन पानांत आयुष्यात काय काय घडलं ते सगळं आहे, आणि हा माणूस सकाळी उठून करतो काय याची एक ओळ नाही. आईबाप मेले, सूड घ्यायचाय, ठीक, पण मंगळवारी काय करतो? कुणी नाव विचारलं तर तू दोन मिनिटांत सूडाची गोष्ट सांगून मोकळा होशील, मग उरलेला आख्खा दिवस काय बोलशील?

मी नव्या माणसाला तीनच गोष्टी ठरवायला सांगते. एक जागा, त्यातला पंचवीस-तीस वर्षांचा तुकडा, आणि पोटापाण्याचा धंदा. 'मध्ययुग' असं म्हणून चालत नाही रे, ते हजार वर्षांचं आहे. नुसत्या चौदाव्या शतकात बघ, १३२० चा अंगरखा ढगळ, डोक्यातून घालायचा, आणि १३६० ला तोच अंगाला घट्ट बसणारा, पुढे गुंड्याच गुंड्या. दोन्ही अर्धेअर्धे उचललेस तर जाणकाराला लांबूनच कळतं. जागा आणि साल पक्कं झालं की कपडे, नाव, जेवण सगळं आपोआप त्यामागे येतं, हौसेपोटी चुकीच्या वस्तू घेतल्या जात नाहीत हा मोठा फायदा.

आणि एक विचारू का, प्रत्यक्षात तू काय काम करतोस? हाताला काय येतं तुझ्या? माझ्या बघण्यात जे पर्सोना वर्षानुवर्षं टिकलेत ते असेच निघालेत. आमच्याकडे एक दाताची डॉक्टर आहे, ती हाडाचे फणे कोरते, आणि पर्सोना पण फणे करणारीचाच. तिच्यासमोर बसलं की दोन तास कसे जातात कळत नाही. तिने आधी राजकन्या करून बघितली होती, कंटाळली.

हेल्मेटात_घाम

चिलखत की तलवार याचं उत्तर: दोन्ही नको.

मी अकरा वर्षं लढतोय म्हणून सांगतो, पहिल्या इव्हेंटला नुसतं बघ. एससीएच्या जड लढाईत तलवार लोखंडाची नसतेच, वेताची असते, म्हणजे भरीव वेत, जाडी कमीत कमी सव्वा इंच, वरून टेप गुंडाळलेली. तलवार खोटी असली तरी फटका खराच बसतो बरं का. म्हणून हेल्मेट कमीत कमी १.६ मिलिमीटर जाडीच्या पोलादाचं लागतं, तोंडापुढच्या गजांमधून एक इंचाची दांडी आत जाता कामा नये, मान, कोपर, गुडघे, मूत्रपिंडाची जागा, हे सगळं झाकलेलं पाहिजे, आणि मार्शल, म्हणजे सुरक्षेवर नजर ठेवणारा, तपासतो तेव्हाच मैदानात सोडतात. त्याआधी शिकून परवानगी मिळवावी लागते ते वेगळंच. आज ऑनलाइन मागवलेलं शोभेचं हेल्मेट या तपासणीत कधीच पास होत नाही, आणि तुझे पैसे त्यातच गेलेले असतात. बहुतेक ग्रुपांकडे उसनं द्यायला सामान असतं, ते घालून सहा महिने सराव कर मग ठरव.

खेळातली मजा कुठेय सांगू, पंच ओरडून बाद देत नाही. फटका जोराचा लागला की नाही हे ज्याला लागला त्यानंच कबूल करायचं. हात गेला म्हणजे हात पाठीमागे घेऊन लढायचं, पाय गेला की गुडघ्यावर. खोटं बोलणारा एखादा असतो पण लोक ते विसरत नाहीत. आणि कुणीही 'होल्ड' ओरडलं की जिथे असशील तिथे थांबायचं, एक पाऊल सुद्धा पुढे नाही. लढाई शिकण्याआधी हा शब्द शीक.

गुडघ्याखाली मारायला बंदी आहे. खऱ्या लढाईत मात्र उलट. गॉटलंड बेटावर विसबीला १३६१ मध्ये डेन्मार्कच्या सैन्यानं शेतकऱ्यांना कापलं, तिथल्या सामूहिक थडग्यांत हजाराच्या वर सांगाडे निघाले, त्यातल्या कितीतरी जणांच्या नडग्यांवर घाव आहेत. पाय उघडे असायचे ना, ढाल तिथपर्यंत पुरायची नाही. काही जण अंगावरच्या चिलखतासकट पुरले गेले, आतून लोखंडी पट्ट्या लावलेली जाकिटं, आज आम्ही जे 'कोट ऑफ प्लेट्स' बनवतो त्यातले बरेचसे त्या थडग्यांवरून बेतलेले आहेत. घालताना कधीकधी विचित्र वाटतं.

पाठीवर दोन तलवारी लावल्यास तर काढून दाखव एकदा. लांब पातं खांद्यावरून म्यानाबाहेर निघतच नाही, हात पुरत नाही. कमरेलाच लावायचे लोक. आणि तलवार दहा किलोची वगैरे कुठे वाचलं असशील तर विसर, एका हाताची तलवार एक-सव्वा किलोच्या आसपास असते.

टाके_मोजू_नका

वरचे दोघं बरोबर आहेत पण पोराला घाबरवू नका हो. एससीए आणि लिव्हिंग हिस्ट्रीवाले यात फरक आहे तो आधी सांगा. इंग्लंडात रेजिया अँग्लोरमसारखे ग्रुप आहेत (१९८६ पासूनचा), ते लोकांसमोर इतिहास दाखवतात म्हणून तिथे सामान तपासून घेतात, मशीनची शिलाई दिसली तर नाही म्हणतात, आणि ते बरोबरच आहे कारण बघणारा ते खरं समजून घरी जातो. एससीएत मुळात राजा निवडतात लढून, दहाव्या शतकातली बाई सोळाव्या शतकातल्या बाप्याशेजारी बसून जेवते, ते सगळं एक मोठं खेळणंच आहे. पेन्सिल्व्हेनियात पेन्सिक हा त्यांचा मोठा मेळावा भरतो १९७२ पासून, दहा हजाराच्या आसपास माणसं तंबू ठोकून दोन आठवडे राहतात, त्यात एका नवख्याच्या शर्टावर मशीनचा टाका आहे की हाताचा हे बघायला कुणाला वेळ आहे?

मी एका दुसऱ्या ग्रुपात (नाव नको) पहिल्या दिवशी गेलो तर एकानं माझी बाही उलटी करून आतली शिवण बघितली, न विचारता. परत गेलो नाही. टाके मोजणाऱ्या लोकांनी या छंदातून जितकी माणसं घालवली तितकी पैशाच्या अडचणीनं पण गेली नसतील.

अलारिक ठेव की. फक्त 'सर' काढ आणि पट्टा बदल.

कळीदार

@टाके_मोजू_नका बाही उलटी करून बघणं हा निव्वळ आगाऊपणा, त्यात दुमत नाही. पण 'अलारिक ठेव' याला माझा विरोध आहे, आणि तो शुद्धतेसाठी नाही. त्याला कंटाळा येईल म्हणून आहे. बघच तू.

चष्मेवाला_नाइट

बापरे एवढी उत्तरं. टेम्पलर ब्रह्मचारी होते हे बायकोला वाचून दाखवलं, ती अजून हसतेय.

@कळीदार ताई, मी कापड प्रोसेसिंगमध्ये आहे. फिनिशिंग. म्हणजे विणून आलेलं कापड धुणं, आटवणं, ताणून वाळवणं, वरची लव कातरणं, हेच दिवसभर. याचा काही पर्सोना होईल असं वाटत नाही, कापड आटवणारा हीरो कुणी बघितलाय? म्हणून तर नाइट व्हायचं होतं.

कळीदार

अरे!! तू फुलर आहेस. तुला कळतंय का तू काय बोललास ते.

मध्ययुगातलं लोकरीचं कापड मागावरून उतरलं की विरळ असायचं, तेलकट पण, कारण सूत कातताना लोकरीला तेल किंवा लोणी लावायचे. ते कापड हौदात घालून तुडवायचं, तेल निघेपर्यंत आणि धागे एकमेकांत गच्च बसेपर्यंत. त्यात घालायचे शिळं मूत्र आणि एक माती, इंग्लिशमध्ये फुलर्स अर्थ. ही माती आपल्याला चांगली ठाऊक आहे, तोंडाला लावतो ती मुलतानी माती याच जातीची! मग ओलं कापड लाकडी चौकटीवर आकड्यांना ताणून वाळवायचं, टीझलच्या काटेरी बोंडांनी लव वर काढायची आणि मोठ्या कात्रीनं कातरायची. हे शेवटचं कातरायचं काम करणारे वेगळे कारागीर पण असायचे. तुझ्या डिपार्टमेंटचा आख्खा फ्लोचार्ट झाला की हा.

आणि आडनाव बघ. हा धंदा करणाऱ्याला इंग्लंडात दक्षिणेकडे आणि पूर्वेला फुलर म्हणायचे, नैर्ऋत्येला टकर, आणि उत्तरेला वॉकर, कारण तो कापडावर चालायचा. उत्तरेत यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगची १३७९ सालची डोईपट्टीची यादी आजही आहे, गावोगावची नावं आणि बऱ्याच जणांपुढे धंदा लिहिलेला. म्हणजे तुला जागा मिळाली, साल मिळालं, धंदा तर होताच. पहिलं नाव ठरवायला पण डोकं खाजवायला नको, त्या काळी इंग्लंडात निम्म्याहून जास्त पुरुष जॉन, विल्यम, थॉमस, रिचर्ड, रॉबर्ट यातलेच कुणीतरी असायचे. अलारिक ब्लॅकरेव्हन एकही सापडणार नाही.

हीरो नाही म्हणतोस? १३७९ ला तो चाळिशीचा असेल तर १३४९ ची प्लेग त्यानं दहा वर्षांचा असताना बघितलीय, गावातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेलेली. नंतर माणसं कमी म्हणून मजुरी वाढली, तर सरकारनं १३५१ ला कायदा करून मजुरी जुन्याच दरावर बांधायला बघितली. १३६३ ला कायदा केला की नांगऱ्या, गाडीवाल्या, मेंढपाळांनी जाडंभरडं ब्लँकेट आणि रसेटच नेसायचं, तो लवकरच रद्द करावा लागला. आणि तू ज्या करयादीत आहेस तसल्याच पुढच्या डोईपट्टीपायी दोन वर्षांनी, १३८१ ला, लोक उठणार आहेत, ते तुझ्या पर्सोनाला अजून माहीत नाही. आईबापांना एकाच लढाईत मारायची गरजच नाही.

कपडे. आत लिननचा शर्ट आणि ढगळ चड्डी, पायांना लोकरीच्या होज, म्हणजे दोन सुटे पाय, चड्डीच्या पट्ट्याला नाड्यांनी बांधायचे. वर गुडघ्याच्या आसपास येणारा लोकरी अंगरखा, डोक्याला हुड. कामकरी माणसाचा आकार बघायचा तर स्वीडनमधला बॉक्स्टेनचा माणूस, दलदलीत सापडला १९३६ साली, चौदाव्या शतकातला, अंगरखा, झगा, हुड सगळं अंगावर. आणि ग्रीनलंडमधल्या हेर्योल्फ्सनेसच्या कबरस्तानातले कपडे, १९२१ ला खणून काढले, तिथल्या गोठलेल्या जमिनीत टिकले. अंगरख्याला पुढे, मागे, दोन्ही बाजूंना त्रिकोणी कळ्या घातलेल्या. ज्याला कळीदार झगा शिवता येतो त्याला हे नवीन नाही, माझं इथलं नाव त्यावरूनच आहे. कापड वाया जात नाही असं बेततात, काखेत चौकोनी तुकडा घातला की हात वर करताना ओढत नाही.

रंग काळा नको, पक्का गडद काळा महागाचा होता. झाडांपासूनचे रंग घे, मॅडरचा (आपल्या मंजिष्ठेची बहीण) विटकरी, वोडचा फिका निळा, वेल्डचा पिवळा, किंवा मेंढीचा मूळचा करडा. शिलाई आतून मशीननं कर, बाहेर दिसणारी हातानं. बाही उलटी करून मी बघणार नाही.

हेल्मेटात_घाम

जॉन वॉकर नाव घेतलंस तर लोक नाव ऐकताच ग्लास पुढे करतील, आधीच सांगून ठेवतो. विल्यम घे.

चष्म्याचं कुणी बोललंच नाही. चष्मा होता तेव्हा. इटलीत १२८० च्या दशकात निघाला, आणि १३५२ चं एक भिंतीवरचं चित्र आहे त्रेव्हिझोत, तोम्मासो दा मोदेनाचं, त्यात एक कार्डिनल नाकावर चष्मा लावून लिहीत बसलाय. पण कानावरच्या काड्या नव्हत्या, दोन भिंगं मधे खिळ्यानं जोडलेली, नाकावर चिमटून ठेवायची, आणि ती जवळचं वाचायला, तुझ्यासारख्या लांबचं न दिसणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. तेव्हा तू सरळ तुझा रोजचा चष्मा घाल. चष्म्यावरून कुणी काही बोलत नाही आणि बोललाच तर तो माणूस टाळण्यासारखा आहे. दिसत नसताना तंबूच्या दोऱ्यांतून रात्री चालणं हे तलवारीपेक्षा धोक्याचं. लढायला लागलास की मात्र लेन्स, हेल्मेटात चष्म्यावर वाफ धरते आणि पुसायला हात आत जात नाही. मी एकदा आख्खी लढाई धुक्यात लढलोय, शेवटी ज्याला मारत होतो तो आमच्याच बाजूचा निघाला.

टाके_मोजू_नका

ओके. हरलो. वॉकर अलारिकपेक्षा भारी आहे.

एक भर घालतो, बोलण्याबद्दल. दिवसभर 'मी विल्यम' असं सोंग धरून बोलायची सक्ती एससीएत नसते, घाबरू नकोस. काही ठिकाणी लोक पूर्ण त्या माणसाच्या तोंडून बोलतात, फोन म्हणजे काय विचारतात, ते जमलं तर झकास नाहीतर फार अवघड होतं, समोरचा माणूस पळून जातो. मी 'ते लोक असं करायचे' असंच सांगतो, मधूनच एखादं वाक्य पात्रात जाऊन. लोकरीत उकडत नाही का आणि ती आग खरी आहे का, हे दोन प्रश्न दिवसातून वीस वेळा येतात. आगीवर हात शेकत बसलेलो असताना विचारतात. तुझ्याकडे मात्र हातात करायला काम असेल ना, मग लोक आपणहून थांबतात. टीझल घेऊन बस.

हां आणि जेवणाच्या वेळी बटाटा, टोमॅटो, मका, मिरची यातलं काही आणू नकोस, ते सगळं १४९२ नंतर आलं. स्वतःचा लाकडी वाडगा, चमचा, सुरी. काटा तेव्हा उत्तरेकडे जेवायला वापरत नव्हते.

चष्मेवाला_नाइट

पाच आठवड्यांनी अपडेट. विल्यम वॉकर, वेस्ट रायडिंग, १३७९. लिननचा शर्ट शिवून झाला, एक बाही आधी उलटी लागली होती, उसवून परत लावली. होजला तिसऱ्या प्रयत्नात यश, पहिल्या दोन जोड्या पोटरीच्या वर सरकतच नव्हत्या, मग वाचलं की कापड तिरकं कापायचं असतं म्हणजे ताणलं जातं. ताई हे आधी सांगितलं असतंत तर.

मूर्खपणा एकच केला. सैलसर विणलेलं लोकरी कापड मिळालं, म्हटलं आपण फुलर आहोत, स्वतःच तुडवू. टबात गरम पाणी, साबण, मुलतानी माती (ती दुसरी गोष्ट नाही घातली, बायकोनं नाव काढताच बाहेरचा रस्ता दाखवला). दोन तास तुडवलं, मुलगा पण आला तुडवायला, खालच्या मजल्यावरचे वर येऊन विचारून गेले. कापड काय सुंदर झालंय सांगू, कापलेल्या कडेचा एक धागा सुटत नाही. रोज मशीनसमोर उभा राहून हे बघतो पण तळपायाखाली कापड घट्ट होताना कळतं ते निराळंच. रुंदीत तिसरा हिस्सा आटलं. आणि मी कापड मोजून आणलं होतं ते न आटलेल्या मापानं.

आता अंगरखा मांडीपर्यंतच येतोय. काय करू?

कळीदार

फिनिशिंगवाल्यानं आटायचं माप धरलं नाही, हे कुणाला सांगू नकोस.

खाली वेगळ्या कापडाची पट्टी जोड आणि कळ्या पण त्याच दुसऱ्या कापडाच्या घे, करड्याला विटकरी छान दिसेल. जोड झाकायचा प्रयत्न करू नकोस. कुणी विचारलं तर सांग, जुना अंगरखा आहे, मोठ्या भावाचा होता. फोटो टाक.